एकवीस, ‘वीस एक’ आणि गरिबाचे गणित

२०१९ सालच्या जून महिन्यात महाराष्ट्रात एक विलक्षण वाद झाला आणि थोड्याच आठवड्यांत विनोदाच्या धुरळ्यात विरूनही गेला. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ या नावासोबत ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’सोबत ‘साठ तीन’ असे संख्यावाचन दिले गेले होते. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती; दोन्ही पद्धती पुस्तकात होत्या. परंतु पुस्तक उघडून पाहण्याची तसदी घेण्याइतका धीर त्या दिवसांत फार थोड्यांना होता. मराठी भाषेचा खून झाला, मुलांना बुद्धिमंद समजले, संस्कृतीचा ऱ्हास झाला, असा ओरडा सुरू झाला. विधानसभेतही तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावातील ‘वीस’ या अक्षरांवर कोट्या करून सन्माननीय सदस्यांनी आपली हौस भागवून घेतली. या बदलामागे असलेल्या गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की, जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाने बोलली जाणारी ही नावे लहान मुलांना गणितापासून दूर लोटतात. दक्षिणेकडील भाषांत ही अडचण नाही. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले असे म्हणवत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये त्या निवर्तल्या. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र जेथल्या तेथे आहे, आणि तो केवळ बालवाडीतील शिक्षिकांचा प्रश्न नसून श्रमिकांच्या राजकारणाचा प्रश्न आहे, असे माझे मत असल्यामुळे या पृष्ठावर तो मांडत आहे.

प्रथम एक विसंगती नोंदवली पाहिजे. ‘वीस एक’ या शब्दांवर सर्वांत मोठ्याने कोण हसले? ज्यांची मुले-नातवंडे इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात तो वर्ग. त्या शाळांत मुलांना काय शिकवतात? ‘ट्वेंटी वन’. ट्वेंटी म्हणजे वीस आणि वन म्हणजे एक. आपल्या घरातील मूल इंग्रजीत ‘वीस एक’ म्हणते तेव्हा जो बाप कौतुकाने शेजाऱ्याकडे पाहतो, त्याच बापाला जिल्हा परिषदेच्या शाळेतील पोराने मराठीत ‘वीस एक’ म्हटलेले हास्यास्पद वाटते. स्वतःच्या मुलासाठी त्याने सोपी वाट पैसे मोजून विकत घेतली आहे. दुसऱ्याच्या मुलाला ती फुकट मिळू लागताच त्याला संस्कृतीची आठवण होते. या हास्यामागे जी वर्गीय वृत्ती आहे ती ओळखल्याशिवाय भाषेच्या प्रश्नावर आपण एक पाऊलही पुढे जाऊ शकणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आपल्या तोंडात संख्यांची नावे इतकी रुळलेली असतात की ती किती अवघड आहेत याचे भान मोठ्या माणसाला राहत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहावे. त्याला ‘दोन’ हा शब्द येतो. मग बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव ही नावे त्याच्यापुढे येतात. या नऊही नावांत ‘दोन’ कोठेच नाही. कोठे ‘बा’, कोठे ‘ब’, कोठे ‘बे’, कोठे ‘ब्या’. सहाची अवस्था तर आणखी बिकट: सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. दशकांचेही तेच. पन्नासचे कधी ‘वन्न’ होते तर कधी ‘पन्न’. एकावन्न, बावन्न म्हणता म्हणता मध्येच त्रेपन्न, चोपन्न आणि पुन्हा पंचावन्न. सत्तरचे ‘हत्तर’ होते. संस्कृतातील द्वाविंशति, षट्पञ्चाशत् यांसारखी नावे प्राकृतातून घासून गुळगुळीत होत आपल्यापर्यंत आली, त्या प्रवासात त्यांचे सांधे दिसेनासे झाले. भाषाशास्त्रज्ञाला यात आनंद आहे. मुलाला मात्र एकपासून शंभरपर्यंतची जवळजवळ सर्व नावे एकेक करून पाठ करावी लागतात. दहा-वीस नावे आणि एक नियम एवढ्या भांडवलावर शंभरपर्यंत पोहोचता येत नाही.

यात भर उलट्या क्रमाची. ‘त्रेसष्ट’ ऐकताना कानावर आधी तीन पडतात, मग साठ. लिहिताना आधी सहा लिहायचे, मग तीन. मूल जसे ऐकते तसे लिहिते आणि छत्तीस लिहून बसते. त्याने केलेली चूक खरे पाहता कानाशी प्रामाणिक राहून केलेली असते. आणि मग येतो ‘एकोण’चा प्रकार. एकोणसाठ या नावात साठ स्पष्ट ऐकू येतात, परंतु लिहिताना साठातला सहा कोठेच लिहायचा नाही. एक उणे साठ अशी वजाबाकी मनात करून पाच आणि नऊ लिहायचे. वजाबाकी अद्याप शिकवलेलीच नसते! बरे, हा नियम तरी शेवटपर्यंत टिकावा? एकोणऐंशी आहे, एकोणनव्वद आहे, पण त्यानंतर एकोणशंभर नाही. तेथे एकाएकी नव्व्याण्णव येते.

कोणी म्हणेल की मोठी संख्या आधी आणि लहान नंतर ही रीत मराठीच्या प्रकृतीला परकी आहे. हे मुळीच खरे नाही. शंभराच्या पुढे गेलो की आपण सारे एकशे पाच, दोनशे सात, तीन हजार चारशे असेच म्हणतो. म्हणजे मोठे आधी. केवळ अकरा ते नव्व्याण्णव एवढ्याच टापूत क्रम उलटतो. आणि ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही अशा आमच्या वऱ्हाडातील म्हाताऱ्या शेतकरी बाया कडब्याच्या पेंढ्या किंवा गोवऱ्या कशा मोजत असत? ‘तीन विसा नि पाच’. वीस हा शब्दही त्या ‘ईस’ असाच उच्चारत. तीन विसा आधी, पाच नंतर. पंडितांना जी रीत परकी वाटली ती अशा रीतीने अडाणी ठरवलेल्या माणसांच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या होती. किनवटच्या पलीकडे तेलुगू बोलणारे मूल ‘इरवै ओकटि’ म्हणते. इरवै म्हणजे वीस, ओकटि म्हणजे एक. त्याची संस्कृती बुडाल्याचे ऐकिवात नाही.

भाषा विचाराला घडवते की विचार भाषेला, हा वाद तत्त्वज्ञानात जुना आहे. ज्याच्या भाषेत ज्या गोष्टीला शब्द नाही त्याला ती गोष्ट कळतच नाही, असे टोकाचे मत अमेरिकेत बेंजामिन व्होर्फ यांच्या नावाने एके काळी फार गाजले. त्या टोकाच्या रूपात ते आता कोणी मानीत नाही. ब्राझीलच्या अरण्यातील पिराहा लोकांच्या भाषेत नेमक्या संख्यांची नावे नाहीत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की दोन-तीन वस्तूंपर्यंत त्यांचे काही अडत नाही, त्यापुढे मात्र त्यांचा अंदाज अंदाजच राहतो. म्हणजे संख्येची जाणीव शब्दावाचूनही असते, परंतु नेमकेपणा शब्दाच्या आधाराने येतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांचे विचार आणि भाषा यांवरील पुस्तक १९३४ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झाले. भाषा हे मुलाच्या हाती समाजाने दिलेले हत्यार आहे आणि त्या हत्याराने मूल स्वतःच्या मनालाच वळण देते, असा त्यांच्या मांडणीचा आशय सांगता येईल. समाजवाद्याला यातील एक शब्द महत्त्वाचा वाटला पाहिजे: हत्यार. हत्यार म्हटले की ते कोणाच्या हाती आहे, कोणी घडवले, आणि कोणाला बोथट मिळाले हे प्रश्न येतात.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले असल्यामुळे मला हा प्रश्न किमतीचा वाटतो. कोणताही विचार कोणत्याही भाषेत करता येतो; त्यासाठी किती श्रम पडतात हे भाषा ठरवते. चिनी मुलाला एकवीस म्हणजे ‘दोन-दहा-एक’ असे शब्दांतच उघडे करून मिळते. चिनी मुले दहाच्या पुढची मोजणी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा लवकर आत्मसात करतात असे अभ्यासकांनी दाखवले आहे, आणि इंग्रजीत तरी अडचण मुख्यतः अकरा ते एकोणीस एवढ्याच टप्प्याची. आमच्या मुलाला शंभर नावांची किंमत मोजावी लागते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जर्मन भाषेतही एकवीसला ‘एक आणि वीस’ असेच म्हणतात. मग जर्मनांनी गाउस कसा निर्माण केला? आणि दूर कशाला, लीलावती लिहिणाऱ्या भास्कराचार्यांची संस्कृत संख्यानामेही उलट्याच क्रमाची होती. आक्षेप बिनतोड दिसतो, पण गाउस आणि भास्कराचार्य ही मोजमापाची एककेच नव्हेत. प्रश्न असाधारण प्रतिभेचा नाही, सामान्य मुलाचा आहे. जर्मन बोलणाऱ्या ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांची २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की संख्या ऐकून लिहिताना झालेल्या चुकांपैकी सुमारे निम्म्या याच उलटापालटीशी निगडित होत्या. तेथील मूल ही अडचण ओलांडून जाते, कारण त्याच्या शाळेत दर वर्गाला शिक्षक असतो, घरी विचारायला माणूस असते, आणि वर्षाचे सारे दिवस त्याला शाळेत जाता येते. आमच्याकडे दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग चालतात. त्या दोघांपैकी एक निवडणुकीच्या नाहीतर जनगणनेच्या कामावर असतो. ऊसतोडीला गेलेल्या मायबापाबरोबर मूल अर्धे वर्ष फडावर असते. अशा मुलाला शंभर नावे घोकण्यासाठी जे सहा महिने लागतात ते सहा महिने त्याच्यापाशी नसतातच. मिठावरचा कर श्रीमंताला आणि गरिबाला सारखाच असे, म्हणूनच तो अन्याय्य होता. भाषेतील अवघडपणा हा असाच सरसकट बसवलेला कर आहे. तो भरण्यासाठी कोणाच्या घरी शिकवणीचे पैसे असतात, तर कोणी गणितच सोडून देतो.

असे सोडून देणाऱ्यांची संख्या थोडी नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतातील पाचवीच्या दर दहा मुलांपैकी जेमतेम तिघांना साधा भागाकार येत होता. सारा दोष संख्यानामांचा आहे असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल, आणि सरकारला सोयीचेही. परंतु पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत जे मूल त्रेसष्टचे छत्तीस लिहिते, त्याच्या पाटीवर फुली पडते; वर्गात ते ‘ढ’ ठरते आणि हळूहळू स्वतःलाही तसे मानू लागते.

नॉर्वेमध्ये १९५१ साली संसदेच्या निर्णयाने संख्यांची नावे बदलण्यात आली. तेथेही पूर्वी ‘पाच आणि वीस’ म्हणत. त्याऐवजी ‘वीस पाच’ शाळेत आणि सरकारी व्यवहारात आणले. मागणी मूळची दूरध्वनी खात्याची: आकडे सांगताना-ऐकताना चुका फार होत. सत्तरहून अधिक वर्षे झाली. जुनी माणसेच काय, पुष्कळशी तरुण माणसेही घरात अजून जुनी नावे वापरतात, नवीही वापरतात. नॉर्वेजियन भाषा मेली नाही आणि कोणी कोणाची थट्टाही करत नाही.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मराठीवर अन्याय होईल. संख्यांच्या एका प्रांतात मराठी जितकी अडगळीची, तितकीच दुसऱ्या प्रांतात श्रीमंत आहे. तो प्रांत अपूर्णांकांचा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. इंग्रजीत ‘वन अँड अ हाफ’ असे चार शब्द जुळवावे लागतात तेथे आमचा ‘दीड’ हा एकच शब्द, एकच आघात. अडीच म्हणजे मुळात ‘अर्धा ज्यात तिसरा’. साडेतीनसाठी ‘औट’ हा शब्द होता, म्हणजे अर्धा ज्यात चौथा. हे शब्द नुसते शब्द नव्हते, त्यांचे पाढे होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. गावच्या शाळेत ते सायंकाळी सामुदायिक आवाजात म्हटले जात. रुपयाचे सोळा आणे, शेराचे चार पावशेर, मणाचे चाळीस शेर अशा व्यवहारात हे पाढे म्हणजे चालतेबोलते यंत्र होते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम आले, आणि पाढे शाळेतून निघून गेले. दशमान पद्धतीचा मी पुरस्कर्ता आहे. तरीही तिच्याबरोबर ‘पाऊणचा तिप्पट किती’ या प्रश्नाला डोळे मिटून ‘सव्वादोन’ म्हणणारी एक विचारशक्ती विनाकारण टाकून दिली गेली असे मला वाटते. दहावीच्या मुलाला आज तीन चतुर्थांश गुणिले तीन हे कागदावर मांडावे लागते.

मात्र या पाढ्यांविषयी उसासे टाकतानाही एक गोष्ट विसरता कामा नये. ते कोणाकडे होते? वाण्याकडे, कुळकर्ण्याकडे, सावकाराच्या मुनीमाकडे. कुणब्याच्या, महाराच्या, वंजाऱ्याच्या घरी ते अपवादानेच पोहोचले. सवाई-दिढीने धान्य देणाऱ्याला सवायकी आणि दिडकी मुखोद्गत होती; घेणाऱ्याला एवढेच ठाऊक असे की खळ्यावरची रास दरसाल कमी होते. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. जे वाचता येत नाही, ज्यातला आकडा पडताळता येत नाही, ते कागद जाळण्यावाचून त्यांच्या हाती दुसरा उपाय नव्हता. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले त्यात प्राथमिक शिक्षणात काय असावे हे सांगताना मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीची प्राथमिक माहिती यांचा आग्रह धरला. हिशेब हा शब्द त्यांनी उगाच घातलेला नाही. शेतकऱ्याला कोणत्या लिपीने आणि कोणत्या आकड्याने लुबाडले जाते हे त्यांना नेमके माहीत होते. फुल्यांच्या नावाने शाळा काढणाऱ्यांनी त्यांचे ते निवेदन एकदा पुन्हा वाचावे.

लुबाडण्याची ती रीत आजही गेलेली नाही, तिने फक्त भाषा बदलली आहे. जानेफळसारख्या गावात खासगी देण्याघेण्यात ‘दोन टक्के’ म्हटले की ते दरमहाचे असतात; वर्षाचे चोवीस होतात. बँकेत ‘अकरा टक्के’ म्हटले की ते वर्षाचे. एकच शब्द, दोन अर्थ, आणि दोन टक्के अकराहून स्वस्त वाटून माणूस फसतो. वस्तू हप्त्याने विकणारे ‘बारा टक्के फ्लॅट’ म्हणतात. दहा हजारांवर वर्षाचे बाराशे व्याज आधीच मिळवून बारा समान हप्ते पाडले, तर मुद्दल दरमहा फिटत जात असल्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. ‘फ्लॅट’ या शब्दाने तो झाकला जातो. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात तो ‘अठ्ठेचाळीसशे ब्याण्णव’ असा बोलला जातो. एकाच भावात दोन उलटी नावे. त्यातून ओलाव्याची बारा टक्क्यांची अट, मग हमाली, तोलाई. चौथी-पाचवी शिकलेल्या पोराला बापाने पावती वाचायला द्यावी तर त्याला छापील आकडा दिसतो, पण अडत्याच्या तोंडचा भाव आणि तो आकडा एकच आहेत का, हे त्याला चटकन ताडता येत नाही.

शाळेतले गणित आणि बाजारातले गणित यांत ही जी दरी आहे तिची मोजदाद झाली आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांविषयीचा निबंध १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी बोलताना तोंडी केलेल्या हिशेबात ती मुले शंभरांत अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर होती. तेच गणित कागदावर नुसत्या आकड्यांनी मांडून दिले तेव्हा जेमतेम सदतीस वेळा. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या हजाराहून अधिक मुलांची पाहणी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ती २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आली. निष्कर्ष दुहेरी होता. बाजारातली मुले गुंतागुंतीचे व्यवहार मनात अचूक करतात पण शाळेच्या पद्धतीचे सोपे गणित त्यांना जमत नाही. उलट शाळेत जाणाऱ्या मुलांना शाळेतले गणित येते पण बाजारातला हिशेब जमत नाही. म्हणजे दोन्हीकडची बुद्धी शाबूत आहे आणि मधला पूल नाही. तो पूल भाषेचाच असू शकतो, दुसरा कशाचा असणार?

आणि नेमक्या याच ठिकाणी आपण आता तिसरी भिंत बांधत आहोत. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. पुढे ‘सेमी’ वर्गांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू झाले. गावोगाव पिवळ्या गाड्या इंग्रजी शाळांची मुले गोळा करीत फिरू लागल्या. आईबापांना मी दोष देणार नाही; नोकरीचा दरवाजा ज्या भाषेत उघडतो त्या भाषेकडे ते धावणारच. परंतु परिणाम काय झाला? आज असंख्य मराठी घरांत ‘अडुसष्ट’ म्हटले की मूल विचारते, ‘म्हणजे सिक्स्टी एट का?’ आजोबांचे वय, किराण्याची बेरीज, भिंतीवरचे कॅलेंडर हे सारे त्याला भाषांतर करून घ्यावे लागते. पावणेदोन म्हणजे किती हे तर बारावीच्या मुलांनाही सांगता येत नाही. अवघड नावे टाळून सोपी नावे मिळाली हे खरे. मात्र ती नावे बापाच्या, बाजाराच्या, बाजार समितीच्या भाषेतली नाहीत. ‘वीस एक’ने त्याच सोपेपणाची सोय मराठीच्या घरात राहून होत होती. ती आपण हसून घालवली.

२०२५ च्या एप्रिलमध्ये शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय काढला, जूनमध्ये तो बदलून पुन्हा काढला, आणि लोकांच्या विरोधामुळे २९ जूनला तो मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विरोध योग्यच होता, मीही त्या बाजूचा. पण त्या तीन महिन्यांतील भाषणे आणि लेख चाळून पाहा. अस्मिता, आक्रमण, संघराज्य हे सारे त्यांत आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात एकोणनव्वद, एटी नाइन आणि नवासी ही तीन नावे एकाच वर्षी कशी बसणार, हा साधा प्रश्न मला तरी कोठे भेटला नाही. मराठीतले एकोणनव्वद नव्वदातून एक वजा करून बनते, तर हिंदीतले नवासी ऐंशीत नऊ मिळवून. दोन भगिनी भाषा, आणि रचना मात्र परस्परविरुद्ध. मेळघाटातील कोरकू मुलाला किंवा गडचिरोलीतील माडिया मुलाला तर मराठीच दुसरी भाषा. त्याच्यासाठी ही बेरीज चारवर जाते. दुर्गम भागातील हे वास्तव मुंबईच्या चर्चासत्रांत पोहोचत नाही.

आपल्या चळवळीलाही येथे दोन शब्द ऐकवले पाहिजेत. लोहियांनी इंग्रजीला विरोध केला तो लोकभाषेच्या प्रेमापोटी होताच, परंतु त्याहून अधिक म्हणजे इंग्रजी हे मूठभरांच्या सत्तेचे साधन आहे हे त्यांनी ओळखले होते म्हणून. साने गुरुजींच्या आंतरभारतीतही दुसऱ्याची भाषा शिकण्यामागे माणसाला भेटण्याची ओढ होती. आपण त्या वारशाचे काय केले? राजभाषा कायदा १९६४ साली झाला, पदनाम कोश निघाले, दुकानांच्या पाट्या मराठीत आल्या, ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने अभिजात दर्जाही दिला. मराठीचा झेंडा उंच गेला. मराठी हे विचाराचे हत्यार म्हणून धारदार करण्याचे काम मात्र आपण शासकीय समित्यांकडे सोडून दिले, आणि त्या समित्यांनी ‘सीमान्त उपयोगिता’ यासारखे शब्द घडवून शेतकऱ्याच्या मुलाला इंग्रजीइतकीच दूरची मराठी बहाल केली. (‘दुसऱ्या भाकरीपेक्षा तिसरीची गोडी कमी’ असे सांगितले की वर्गातील शेवटच्या बाकापर्यंत ती कल्पना पोहोचत असे, हा माझा अनुभव आहे, संज्ञा नंतर सांगितली तरी चालते.) याच वऱ्हाडच्या भूमीवर चक्रधरस्वामी हिंडले. त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशवराज सूरींना अडवले ते या कारणासाठी की, त्यामुळे आपल्या पंथातील म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. भाषेच्या धोरणाची याहून नेमकी कसोटी मला माहीत नाही. ‘वीस एक’चा वाद पेटला तेव्हा ही कसोटी लावून बोलायला आपल्यापैकी किती जण पुढे आले?

काय करता येईल ते फार खर्चाचे नाही. पहिल्या दोन इयत्तांत ‘साठ तीन’ हे नाव मुलाने वापरले तर ते बरोबर धरावे आणि ‘त्रेसष्ट’ हळूहळू, गाण्यातून, खेळातून येऊ द्यावे. छप्पन्न, बावनकशी, छत्तीसचा आकडा, चौसष्ट कला हे सारे मराठीत आहे आणि मुलाला ते यायलाच हवे. फक्त ती गणिताच्या दारावरची चौकी असू नये. तोंडी परीक्षेत दोन्ही नावांना गुण द्यावेत. तिसरी-चौथीत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे परत आणावेत आणि अपूर्णांक तेथून शिकवावा. ‘तीन छेद चार’ नंतर. पाचवी ते सातवीच्या गणितात खरी बाजार समितीची पावती, खरे बचत गटाचे पुस्तक, खरा हप्त्याचा करार यावा, दरमहा आणि दरसाल टक्क्यांतला फरक यावा. सेमी वर्गात गणित इंग्रजीतून शिकवायचेच असेल तर संख्येची मराठी नावे शेजारी लिहिण्याची सक्ती असावी.

यांपैकी एकही गोष्ट शिक्षकावाचून होणार नाही, आणि येथे सरकारचे खरे रूप दिसते. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याची योजना २०२३ मध्ये पुढे आली तेव्हा अशा सुमारे पंधरा हजार शाळा असल्याचे सांगण्यात आले होते. वाडीवरच्या, तांड्यावरच्या याच त्या शाळा. मूल ज्या बोलीत मोजायला शिकले ती बोली समजणारा शिक्षक त्याच्या दारापाशी असतो तो फक्त येथे. खर्चाच्या हिशेबात पट वीस म्हणून शाळा तोट्याची ठरते. आमच्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत त्या शाळांचा विषय घ्यावा, आणि त्याच बैठकीत बाजार समितीला एक लेखी मागणी करावी: शेतकऱ्याला मिळणाऱ्या पावतीवर निव्वळ रक्कम अंकांत असते, ती मराठी अक्षरांतही लिहावी, आणि प्रत्येक कपातीपुढे ती कशावर किती दराने काढली हे शब्दांत नमूद करावे. पाचवीतले मूल ती पावती बापाला मोठ्याने वाचून दाखवू शकेल एवढ्या ठळक अक्षरांत ती छापलेली असावी.